वाचले असे समजावे

पाहुण्यांना ओवाळायचं तबक सकाळीच माझ्या हातात दिलं होतं. कॉलेजच्या दारात आम्ही एम.ए.च्या मुली दोन्ही बाजूंनी उभ्या होतो, सगळ्या जांभळ्या साड्यांत. साडीचा रंग कऱ्हाळे सरांनी आदल्या आठवड्यात विभागाच्या ग्रुपवर कळवला होता. मुलांना कुठलाच रंग कळवला नव्हता. मुलं जीन्स घालून आली होती आणि कडुलिंबाखाली मोटारसायकलींवर बसून आमच्याकडे बघत होती.

"पुनम, निरांजन सांभाळ गं," शेजारून संगिता कुजबुजली. "विझलं तर जागतिक शांतता भंगल."

संगिता कळमनुरीकडच्या तांड्यावरून येते. तिचे वडील हिरासिंग तिला रोज पहाटे मोटारसायकलवर रस्त्यापर्यंत सोडतात. ती सोबत नसती तर मी पहिल्या सत्रातच हे सगळं सोडून दिलं असतं.

जागतिक शांतता म्हणजे आमच्या चर्चासत्राचा विषय. राज्यशास्त्र विभागाचं राष्ट्रीय चर्चासत्र, 'जागतिक शांतता आणि राष्ट्रांची सुरक्षितता'. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाईलला असलं एक लागतं म्हणून ते ठरलं होतं, पण मला त्याच्याशी काय करायचं होतं? कार्यक्रमपत्रिकेत दुपारच्या सत्रात माझं नाव छापलेलं होतं. मी माझा निबंध वाचणार होते.

आणि आत, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, माझ्या सासूबाई धुरपताबाई माझ्या लेकीला, आर्वीला, मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्यांना मी आत्याबाई म्हणते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी जायचं की नाही हे त्यांच्यावर होतं. माझ्या नवऱ्याची, वैजनाथची, ना नव्हती. पण तो दिवसभर हिंगोलीच्या मोंढ्यात, हळदीच्या आडतीवर. लेकराला कोण बघणार, तर आत्याबाई. आणि आत्याबाईंनी साफ सांगितलं होतं, "मी न्हाई म्हनत न्हाई. पन एकदा येऊन बघते तू तिथं काय करून राहिलीस. बघन्यासारखं असलं तर लेकरू मी सांभाळीन, पार तुझी परीक्षा होईस्तोर. नसलं तर घरी बसायचं. मग रडायचं न्हाई."

"मी पेपर वाचणार आहे, आत्याबाई."

"समद्यायसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"आन् मग ते काय करतेत?"

"ऐकतात. मग प्रश्न विचारतात."

त्या भाकरी थापता थापता थांबल्या. "तुला?" त्या म्हणाल्या. "मास्तर लोक तुला इचारनार?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. नंबर नको, बक्षीस नको. आर्वीच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, एका पायानं झोका देत देत मी जे लिहिलं होतं, ते ऐकून कुणीतरी शहाण्या माणसानं एक प्रश्न विचारावा. एकच.

---

गाड्या आल्या. आम्ही ओवाळलं. पहिल्या पाहुण्यानं तोंडातला तोबरा दाराच्या कोपऱ्यात टाकला आणि मग कपाळ पुढं केलं. त्याला कुंकू लावताना बोटाला घाम लागला. ते बोट मी साडीला पुसलं आणि दिवसभर ती जागा टाळून पदर धरला.

मग सत्कार सुरू झाले. मंचावर इतक्या खुर्च्या होत्या की मागच्या रांगेतल्यांचे गुडघे पुढच्यांच्या पाठीला टेकत होते. प्रत्येकाला शाल, नारळ, गुच्छ आणि फेटा. फेटे बांधायला खास माणूस आणला होता, तो एकेका डोक्याभोवती कापड फिरवत होता आणि तोवर सूत्रसंचालक शेर म्हणत होता. गुच्छ कमी पडले. मग संगिताला मंचामागं उभं केलं. सत्कार झालेल्या पाहुण्यानं गुच्छ खाली ठेवला की तिनं तो गुपचूप उचलायचा आणि पुढच्या पाहुण्यासाठी पुन्हा तबकात ठेवायचा.

"हा निशिगंध बघ," जाता जाता ती मला म्हणाली. "सकाळपासून कितीदा लगीन लागलं बिचाऱ्याचं."

संस्थेचे अध्यक्ष बोलले. त्यांनी गावच्या रस्त्याचं सांगितलं, तो कुणामुळे झाला ते सांगितलं, आणि मुलांनी मोबाईल कमी वापरावा असं सांगत असताना त्यांचाच मोबाईल वाजला. तो त्यांनी घेतला. माईक चालूच होता. "हां, बोल. न्हाई न्हाई, बोल तू, कार्यक्रमात हाय," असं सगळं सभागृह ऐकत राहिलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग बीजभाषण. विद्यापीठातून आलेले हे सर मोठे होते. त्यांची पुस्तकं आम्हाला संदर्भाला आहेत. तबकाखाली मी वही उघडून धरली होती. त्यांनी जिनिव्हाची गोष्ट सांगितली. तिथं नळाचं पाणी थेट पितात. तिथं रस्त्यावर कुणी थुंकत नाही. तिथल्या थंडीत त्यांच्या मिसेसनी बरोबर दिलेला लाडू त्यांना कसा कामाला आला. शांततेविषयी ते अगदी शेवटी बोलले. मंचाच्या कडेला तबकं धरून आम्ही उभ्या होतो, आमच्याकडे हात करून ते म्हणाले, "स्त्री ही जन्मजात शांतिदूत असते. बघा ह्या आमच्या लेकी. ह्यांना कुठला आंतरराष्ट्रीय करार शिकवावा लागतो का?"

टाळ्या पडल्या. माझे पाय दुखत होते. ब्लाउज आतून ओला व्हायला लागला होता, आर्वीची वेळ झाली होती. शांतिदूतानं पदर पुढं ओढून घेतला.

वहीत मी फक्त 'लाडू' एवढं लिहिलं होतं.

---

लेकराला पाजायला जागा नव्हती. मुलींच्या खोलीला कुलूप होतं, आत पाहुण्यांच्या भेटवस्तू ठेवल्या होत्या. संगितानं कुठून तरी किल्ली आणली. स्मृतिचिन्हांचे खोके, शालींचे गठ्ठे, मोडक्या बाकांचा ढीग, आणि कुणीतरी खिडकीतून थुंकता थुंकता खिडकीवरच थुंकलेलं. मी शालींच्या गठ्ठ्यावर बसले. आर्वी अधाशासारखी बिलगली. तिचा घामेजलेला मऊ टाळू हुंगला तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा नाकाला काहीतरी चांगलं मिळालं. पिता पिता ती माझ्या मंगळसूत्राशी खेळते, एक डोळा मिटून माझ्याकडे बघते. ते बघितलं की मला वाटतं, बाई गं, तुला मी कुणालाही ओवाळू द्यायची नाही.

आत्याबाई दाराशी बसल्या होत्या. "लगीन बरं म्हनावं," त्या म्हणाल्या. "त्यात निदान अक्षता पडल्या की जेवायला मिळतं. हितं नुस्ते हारच हार. त्या फेटेवाल्याला किती घाम सुटला गं."

तेवढ्यात दार ढकलून ऑफिसातला एक माणूस आत आला. मला बघितलं, आणि तरी आलाच. "म्याडम, ट्रॉफ्या काढायच्या व्हत्या," म्हणाला आणि खोके खालीवर करायला लागला. एकेक स्मृतिचिन्ह उजेडात धरून त्यावरचं नाव वाचायला लागला.

"ए बाबा," आत्याबाई उठल्या, "भायेर व्हय. लेकरू पिऊन राहिलं दिसत न्हाई का?"

"दोन मिनिटं, मावशी. साहेबांनी मागवल्या."

"सायबाला सांग लेकरू पेत व्हतं. सायबानं बी पेलंच असंल कवा तरी आईचं."

तो गेला. पण आर्वी दचकली होती, ती पुन्हा प्यायली नाही.

आणि तेवढ्यात कऱ्हाळे सरांचा निरोप आला, मुलींनी वाढायला यावं.

जेवणं ग्रंथालयात होती. टेबलं जोडून पंगत केली होती. कपाटात राज्यघटना, मानवी हक्क, परराष्ट्र धोरण, आणि काचेवर पुरीच्या तेलाची बोटं. कऱ्हाळे सर मधून फिरत होते. ते वाईट माणूस नाहीत. ॲडमिशनच्या वेळी, पोटुशी असलेल्या मुलीला कशाला घेता असं ऑफिसनं म्हटलं तेव्हा त्यांनीच माझ्या अर्जावर सही केली होती. पण पाहुणे आले की त्यांच्या पाठीचा कणाच जातो. "मुलींनो, आग्रह करा, आग्रह!" ते सारखे म्हणत होते. "शिरा फिरवा. सरांचं ताट रिकामं दिसतंय."

मी शिरा घेऊन फिरले. एक पाहुणे नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरून होते. त्यांनी तो हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला. "तुझ्या हातचा आहे म्हणून घेतो," म्हणाले. शेजारचे हसले. तूप लागलेलं ते मनगट मी तसंच पुढं धरून चालत राहिले, जणू ते माझं नव्हतंच.

मान वर केली तर दारात आत्याबाई. कडेवर आर्वी, हुंदके देणारी. त्यांनी सगळं बघितलं होतं की नाही, कळलं नाही. मी जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "पुनम, हे तर तू घरी बी करतीस की."

"हे फक्त जेवणापुरतं, आत्याबाई."

"सकाळधरनं बघून राहिले मी. ओवाळलंस. फुलं दिलीस. पानी दिलंस. आता वाढून राहिलीस. शिकायचं कवा असतंय हितं?"

"आता. दुपारच्या सत्रात. माझं नाव आहे."

"बघू," त्या म्हणाल्या. त्यांचं 'बघू' मला ठाऊक आहे. बाजारात भाव न पटलेल्या बाईचं असतं ते, पुढं निघून जायच्या आधीचं.

---

दुपारचं सत्र सुरू झालं तेव्हा अर्धं सभागृह रिकामं होतं. बाहेरगावचे प्राध्यापक सही करून, प्रमाणपत्र कधी मिळतं याची चौकशी करत व्हरांड्यात उभे होते. त्यांना प्रमाणपत्र बढतीसाठी लागतं. निबंध वाचणारे वाचत होते, प्रत्येकाच्या शीर्षकाच्या शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास'. एकानं मोबाईलवरून वाचलं, मधे बॅटरी संपली, तर तो म्हणाला, "बाकीचं आपल्याला माहीतच आहे," आणि खाली बसला. आणि त्यालाही टाळ्या. सत्राचे अध्यक्ष म्हणजे सकाळचे जिनिव्हावाले सर. त्यांच्या खांद्यावर शाल होती, हातात दात कोरायची काडी. त्यांना अंधार पडायच्या आत नांदेडला पोचायचं होतं.

माझ्या आधीचं नाव पुकारलं. तो माणूस आलाच नव्हता. मी उठले. कागद हातात घेतले. मागं बघितलं, तर आत्याबाई ताठ बसल्या होत्या आणि त्यांनी आर्वीचं तोंड माझ्याकडे वळवून धरलं होतं.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि माईक ओढला. "वेळेअभावी," ते म्हणाले, "उरलेले सर्व शोधनिबंध वाचले असे समजण्यात यावे. सभागृहाची हरकत नसावी."

दिवसभरातली सगळ्यात मनापासूनची टाळी तेव्हा पडली.

आम्हाला अभ्यासाला मूक संमती नावाचा एक भाग आहे. ज्यानं विरोध केला नाही त्यानं मान्यता दिली असं राज्य धरून चालतं. वर्गात कऱ्हाळे सरांनी तो फार छान शिकवला होता. अन्यायाची सगळी मेख तिथंच आहे, असं ते म्हणाले होते, आणि मी ते वाक्य वहीत चौकटीत लिहून ठेवलं होतं. आता कऱ्हाळे सर मंचावर टाळ्या वाजवत होते. जोरात.

मी तशीच उभी होते. आणि मला सगळ्याची एकदम शिसारी आली. त्या निशिगंधाची, फेट्यांची, मनगटावरच्या तुपाची, त्या काडीची. एखाद्या सरकारी शौचालयात आत गेल्यावर कडी नाही हे कळावं, तसं वाटलं. वाटलं, आर्वीला उचलावं, बस धरावी, आणि घरी जाऊन आत्याबाईंना सांगावं की तुमचं खरं होतं.

पण नावं पुकारायला लागली होती. प्रमाणपत्रं वाटणं चालू झालं होतं. व्हरांड्यातले सगळे आत आले, रांग लागली. "सौ. पुनम वैजनाथ," सूत्रसंचालक वाचत होता, "उत्कृष्ट सादरीकरण."

मी मंचावर गेले. कऱ्हाळे सरांनी प्रमाणपत्र पुढं केलं, तोंड फोटोवाल्याकडे.

"सर, मी वाचलाच नाही," मी म्हणाले.

"अगं, वाचला असं समजलंय. सगळ्यांचंच. घे."

"माझा समजू नका."

माईक जवळ होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. कऱ्हाळे सरांचा चेहरा उतरला. ते दबक्या आवाजात म्हणाले, "पुनम, तमाशा करू नकोस. तुझ्या अर्जावर मी सही केली होती, विसरलीस काय?"

"नाही विसरले, सर. वाचायलाच केली होती ना ती?"

मागून अध्यक्ष म्हणाले, "असू द्या, असू द्या. लेकीबाळी आहेत. वाच बेटा, वाच. दोन मिनिटांत आटप. लेकरू घेऊन आलीय बिचारी."

त्या 'बिचारी'वर मी वाचायला सुरुवात केली.

---

माझा निबंध एका धुऱ्यावर होता. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. राष्ट्रांच्या डोक्यावर दुसरं सरकार नसतं. भांडण झालं तर जायचं कुणाकडं? म्हणून प्रत्येकजण आपल्या रक्षणासाठी शस्त्र घेतो, आणि तेच शस्त्र शेजाऱ्याला हल्ल्याची तयारी वाटतं. मग तो घेतो. भिऊन घेतलेलं शस्त्र भीतीच वाढवतं. पुस्तकात याला सुरक्षिततेचा पेच म्हणतात, आणि पुस्तकातली सगळी उदाहरणं जहाजांची आणि क्षेपणास्त्रांची असतात. मी लिहिलं होतं की हा पेच मला धुऱ्यावर दिसला. एक भाऊबंद नांगरताना धुऱ्याचा एक तास, नांगराच्या एका रेघेएवढी जमीन, आपल्याकडं घेतो. पुढच्या पेरणीला समोरचा त्याच्याकडं घेतो. सरकारी मोजणी येते, दगड रोवले जातात, सगळे चहा पितात, आणि मोजणीदाराची गाडी वळली की दगड हलतात, कारण दगडाच्या मागं कुणी उभं नसतं. मग एक जण झटका मशीन लावतो, ते सोलरवर चालणारं, तारेला हात लागला की झिणझिण्या येणारं. रानडुकरांसाठी, असं सांगतो. दुसऱ्याला वाटतं, डुकरं म्हणजे मी. तोही मशीन लावतो, आणि तोही सांगतो, रानडुकरांसाठी. आधी कुणी लावली, हे दोन्ही घरं वेगवेगळं सांगतात. आणि दोन्ही घरं खरं सांगत असतात, कारण दोघंही भीत असतात.

मी हे वाचत होते तेव्हा रांगेत प्रमाणपत्रं वाटली जात होती. आवाज होऊ नये म्हणून माझ्या मागून वाकून वाटत होते, एवढी सभ्यता होती. कुणीतरी कुणाला टिपणं मागत होतं, कुणाची तरी गाडी लागली होती. संगिता मंचाखाली तबक घेऊन उभी होती. तिनं तबक खाली ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे सोडून ऐकत राहिली. मी मोठ्यानं वाचलं. एकही ओळ गाळली नाही. शेवटच्या वाक्यापर्यंत आवाज हलला नव्हता.

"काही प्रश्न?" सूत्रसंचालकानं सवयीनं विचारलं.

"मला एक प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. सकाळपासूनचं सगळं मी त्या क्षणी माफ करायला तयार होते, लाडूसुद्धा.

"बाळ किती महिन्यांचं आहे?"

सभागृह हसलं. टाळ्या वाजल्या. वाईट हसू नव्हतं ते, कौतुकाचंच होतं, आणि म्हणूनच अंगावर पाल पडावी तसं झालं.

"आठवा लागलाय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"वा! मातृशक्ती!" अध्यक्ष उठले. खांद्यावरची शाल त्यांनी काढली आणि माझ्या अंगावर टाकली. शाल गरम होती. दिवसभराचा घाम आणि अत्तर. "सूक्ष्म निरीक्षण आहे हो मुलीचं. शेतीविषयी चांगली माहिती आहे."

शेतीविषयी.

फोटोवाला म्हणाला, "म्याडम, बाळाला घ्या ना. बाळासगट छान येतो." कुणीतरी शेवटच्या रांगेकडे धावलं, लेकरू द्या म्हणून. आत्याबाईंनी आर्वीला पदराखाली घेतलं.

"झोपलंय," त्या म्हणाल्या.

पदराखालून आर्वीचा टक्क उघडा डोळा दिसत होता.

---

बाहेर पडताना मी शाल एका खुर्चीवर टाकली. आत्याबाईंनी ती उचलली. "चांगली शाल टाकून चाललीस व्हय? धुतली की झालं." संगिता डेपोपर्यंत सोबत आली, तिच्या तांड्याकडची गाडी नंतरची होती. ती माझ्यावर चिडली होती. "त्याला म्हनायचं व्हतं की तुमाला किती लेकरं हायेत ते सांगा आधी," असं ती पुनःपुन्हा म्हणत होती, आणि मग तिचे डोळे भरून आले. "माझा बी पेपर व्हता, पुनम. मी घेतलं प्रमाणपत्र. गुपचूप." मी तिचा हात धरला.

आमच्या गावाची, बाळापूरची, बस लागली. आम्हाला मागं जागा मिळाली. आर्वी माझ्या मांडीवर झोपली, खरंखुरं. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेतांत हळद शिजवणं चालू होतं, त्याचा उग्र वास बसमधे येत होता. मी मनातल्या मनात वर्ष सोडून दिलं होतं. फक्त त्यांनी ते बोलून दाखवायचं होतं.

कळमनुरी मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "तू भीमराजचं नाव घेतलं न्हाईस."

मला आधी कळलंच नाही. भीमराज म्हणजे आमचे भाऊबंद. आमच्या पट्टीला लागून त्यांची पट्टी. "कुणाचंच घेतलं नाही," मी म्हणाले.

"पन भीमराजच की तो. समदं आपल्या धुऱ्याचं मांडलंस तू तिथं. मोजनी बी. झटका बी." त्या माझ्याकडे वळल्या. संतापल्या होत्या. "आन् वर म्हनलीस, दोघं बी भेतेत. मी भेते व्हय भीमराजला?"

"नाही भीत?"

"त्याला नागडा खेळताना बघितलाय मी आमच्या दारात. भेते कशाची!"

"मग आपण मशीन कशाला लावली?"

"डुकरासाठी."

"आपली तिथं हळद आहे, आत्याबाई. हळदीला डुक्कर तोंड लावत नाही, तुम्हीच सांगता."

पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघत होती, तिच्याकडे आत्याबाईंनी असं काही बघितलं की ती पुढं वळली.

"आदी त्यानं लावली," त्या म्हणाल्या. "तू लिवलंस, दोन्ही घरं खरं सांगतेत. खोटं हाय. आदी त्यानंच लावली."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? त्याचं सोयाबीन हाय तिथं. एका रात्रीत डुकरायनं पार लोळवलं व्हतं, त्याची बायको रडून राहिली व्हती धुऱ्यावर."

"म्हणजे त्याची मशीन खरंच डुकरांसाठी होती."

"मी कुठं असं म्हनलं?"

"आणि आपली?"

आत्याबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर शिजवलेली हळद पसरून ठेवलेली शेतं मागं जात होती. मी लिहिलं होतं त्यापेक्षा हे पुढचं होतं. माझ्या कागदात दोन्ही घरं सारखी भीत होती. खरं तर एक घर डुकरांना भ्यालं होतं आणि दुसरं घर त्या घराला. निबंधातली मधली दोन पानं चुकली होती. मी पिशवीतून पेन काढलं, आर्वीला धक्का न लावता, आणि वाचून झाल्यावर हातात दिलेल्या प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला घाईघाईनं लिहायला लागले.

"काय लिवून राहिलीस?"

"तुम्ही म्हणालात ते."

"ते नको लिवू."

"का?"

"काहून म्हंजे? घरातलं हाय ते." त्यांनी हात पुढं केला, कागद ओढायला की आर्वीच्या तोंडावरची माशी हाकलायला, कुणास ठाऊक. माशी हाकलली. मग बराच वेळ त्या आर्वीच्या केसांवरून हात फिरवत बसल्या. "त्या मास्तरानं हे इचारायला पायजे व्हतं तुला," त्या अखेर म्हणाल्या. "आदी कोन, आन् काहून. लेकरू किती महिन्याचं म्हनून इचारतो मेला. त्याला काय बारसं करायचं व्हतं?"

मला हसू आलं. मी लिहीत राहिले.

"पन एक सांगून ठेवते," आत्याबाईंनी आवाज चढवला, कंडक्टरसुद्धा बघायला लागला. "दुसऱ्या सालात जर हे असलं घरातलं वाचनार असशील तर मी येनार न्हाई तुझ्यासंगं. अजाबात न्हाई. लेकरू घेऊन घरीच बसन मी. मग म्हनशील आत्याबाई आल्या न्हाईत."

"बरं," मी म्हणाले.